सगळंच बॉर्डरवर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४८ वर्षांची. इंदूरच्या सुदामा नगरात राहते, एका शाळेच्या ऑफिसात फीचा हिशेब बघते. शाळेत तपासणीचं शिबिर झालं, त्यात माझे आकडे असे आले: उपाशीपोटी साखर १०८, तीन महिन्यांची सरासरी ५.९, ट्रायग्लिसराइड १८८, एचडीएल ४१, बीपी १३४/८६. डॉक्टर म्हणाले, ‘मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. वजन उतरवा, चाला, तीन महिन्यांनी या.’ गोळी एकही दिली नाही. माझं वजन ५८ किलो, उंची ५ फूट २ इंच. मला कोणी लठ्ठ म्हणत नाही, उलट नणंदा म्हणतात, ‘वहिनी, तू अजून तशीच आहेस.’ हे म्हणतात, सगळं बॉर्डरवर आहे म्हणजे पास झालीस. सासूबाई म्हणतात, पन्नाशीला सगळ्यांचंच असं होतं. गेल्या वर्षापासून पाळीचं काही खरं राहिलेलं नाही. धाकट्याच्या वेळी साखर थोडी वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. आईला मधुमेह होता. यांना दुकान बंद करून घरी यायला साडेदहा होतात, मग आम्ही बरोबरच जेवतो. सकाळी चालायला वेळ मिळत नाही. आणि पोहे सोडायला सांगू नका. मला खरंच काही झालंय का? गोळ्या न घेता निभेल का?

– बॉर्डरवरची इंदूरकर

ताई,

तुम्ही हिशेबाच्या माणूस, म्हणजे शेवटची बेरीज आधी बघणार. तीच आधी सांगते. हो, झालंय. आणि गोळ्यांशिवाय मागे फिरण्याची संधी आहे, चांगली आहे. पण ‘बॉर्डरवर म्हणजे पास’ ही तुमच्या ह्यांची बेरीज चुकली आहे.

तुमच्याच टेबलावरचं उदाहरण घ्या. एकाच मुलाच्या फीचे पाच हप्ते आले आणि पाचही वेळा शंभर-शंभर रुपये कमी आले. तुम्ही पाच वेळा ‘जरासेच तर आहेत’ म्हणून सोडून द्याल का? रक्कम लहान असली तरी त्या घरात काहीतरी ओढाताण चालली आहे हे तुम्हाला लगेच कळेल. हे तसंच आहे. साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० किंवा जास्त, बाईचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५०च्या खाली (पुरुषाचं ४०च्या), बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५ गाठलेलं, आणि कंबर ठरावीक मापापलीकडे. या पाचातले कुठलेही तीन जमले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचं, असं जगभरच्या संस्थांनी २००९ मध्ये एकत्र बसून ठरवलं. तुमचे चार तर पत्रातच जमले. सुटा एकेक आकडा बघितला तर कुठलाच डॉक्टर दचकणार नाही. पण हे एकत्र आले की येत्या काही वर्षांत मधुमेह होण्याचा धोका साधारण पाचपट आणि हृदयविकाराचा साधारण दुप्पट होतो.

मी इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकले तेव्हा आमच्या पुस्तकांत हा शब्द नव्हता. मधुमेहाचा धडा वेगळा, बीपीचा वेगळा. अमेरिकेतल्या डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये मांडलं की हे सगळे एकाच मुळाचे फुटवे आहेत. त्यांनी नाव दिलं ‘सिंड्रोम एक्स’. जासूसी कादंबरीसारखं नाव. टिकलं नाही, मुद्दा टिकला.

आता पाचवा आकडा. तुम्ही वजन लिहिलंत, उंची लिहिलीत, नणंदांचं मतसुद्धा लिहिलंत. कंबर लिहिली नाहीत. बायका लिहीत नाहीतच, आणि त्यात त्यांचा दोष नाही. साडी आणि सलवार हे या बाबतीत फार मायाळू कपडे. पुरुषाच्या पट्ट्याला भोकं असतात. एक भोक सरकलं की त्याला कळतं. परकराच्या नाडीला भोकं नसतात. ती दर वर्षी बोटभर सैल बांधली जाते आणि बांधणारीलाही पत्ता लागत नाही. मी पंचवीस वर्षं पेशंटना ‘पोट कमी करा’ सांगत होते. वयाच्या ५१व्या वर्षी एकदा सहज स्वतःला टेप लावला, ८८ सेंटिमीटर. श्वास आत ओढून पुन्हा मोजलं, ८५. मग टेप शिवणाच्या डब्यात टाकून दिला आणि आठ दिवस तो डबा उघडला नाही.

तुम्ही तसं करू नका. सकाळी, काही खाण्याआधी, अंगावरच्या कपड्यांचा घोळ बाजूला करून सरळ उभ्या राहा. कुशीत बोटांनी चाचपत सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग खाली येत कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मधे टेप. नाडी बांधतो तिथे नाही, ती जागा खाली असते आणि खोटं बोलते. आरशात कडेनं बघा, टेप मागे घसरलेला नको. तो कातडीला टेकलेला हवा, रुतलेला नको. श्वास सहज सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. बाईसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पुरुषासाठी ९०, म्हणजे साडेपस्तीस इंचाला जरा कमी. ही मापं आपल्यासारख्या लोकांसाठीची आहेत. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांना ती याहून सैल आहेत.

आपल्यालाच कडक का? याचं उत्तर मराठी माणसाला अभिमानानं सांगता येईल असं आहे, जरी बातमी वाईट असली तरी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंचीच्या मानानं वजनाचा दोघांचा आकडा, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा: २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून दोघंही सडपातळ. तुमचा बीएमआय २३.४च्या आसपास येतो. आपल्याकडे २३ ही सावध होण्याची रेषा, म्हणजे वजनकाट्यानं तुम्हाला जेमतेम टोकलंय. टेप जास्त स्पष्ट बोलेल. नणंदांना चेहरा आणि मनगटं दिसतात, यकृत दिसत नाही.

शरीरात काय चाललंय ते सांगते. सियागंजच्या घाऊक बाजारात जादा माल आला की आधी गोदामात लागतो, बरोबर? आपल्या कातडीखालची चरबी म्हणजे गोदाम. तिथे पडलेला माल फारसा त्रास देत नाही. पण आपलं गोदाम मुळात लहान. ते भरलं की पोती ओट्यावर येतात, जिन्यात येतात, येण्याजाण्याची वाट अडते. शरीरातला ओटा म्हणजे यकृत, जिना म्हणजे स्नायू आणि आतड्यांभोवतीची जागा. इन्सुलिन हा तिथला मुकादम: जेवणातून आलेली साखर उचला आणि आत घ्या, एवढंच तो ओरडत असतो. चरबीनं तुंबलेलं यकृत आणि स्नायू त्याची हाक ऐकेनासे होतात. मग तो आणखी मोठ्यानं ओरडतो, म्हणजे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. काही वर्षं त्या आरडाओरड्यावर काम निभतं आणि रिपोर्टात साखर छान दिसते. मग घसा बसायला लागतो, आणि एक दिवस १०८ येतात. तोवर यकृत आपल्याकडचा जादा माल ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात ढकलत असतं, त्या गर्दीत एचडीएल घटतं, आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला लागतात, म्हणून बीपी. कळलं ना, पाच हप्ते कसे एकाच घरचे?

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मात्र मी पेनानं अधोरेखित केल्या. तुम्ही त्या जाता जाता लिहिल्यात.

पहिली, ‘धाकट्याच्या वेळी साखर थोडी वाढली होती.’ ही गोष्ट तुम्ही शिबिरातल्या डॉक्टरांना सांगितलीत का? मला वाटतं, नसणार. तिथे वय, वजन आणि औषधं विचारतात, बाळंतपण कोणी विचारत नाही. गरोदरपणी वाढलेली साखर बाळंतपणानंतर उतरते, पण शरीरानं तेव्हाच एक सूचना देऊन ठेवलेली असते. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. त्यात आईचा मधुमेह. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे बसलात की पहिलं वाक्य हे बोला. त्यावरून त्यांचे निर्णय बदलू शकतात.

दुसरी, पाळीची. चाळिशीच्या शेवटी इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरायला लागतं आणि चरबीचा पत्ता बदलतो. जी मांड्यांवर, नितंबांवर बसायची ती पोटात जाऊन बसते. वजन तेच, आकार वेगळा. त्यात वयामुळे स्नायू झिजतात. म्हणून ‘मी तेवढंच खाते, तरी असं का’ ही तक्रार खरी असते; मी कोणालाही त्यावरून खोटं पाडत नाही.

सासूबाई म्हणतात सगळ्यांचंच होतं, तेही खोटं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची देशभरातली मोठी पाहणी २०२३ मध्ये छापून आली. त्यात प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि १५.३ टक्के तुमच्यासारखे उंबरठ्यावर निघाले. पण एके काळी देवीही सगळ्यांनाच यायच्या. त्यांना नमस्कार करून हे सांगा, माझं नाव सांगू नका.

आता करायचं काय. शंभर गोष्टी सांगता येतील आणि तुम्ही त्यातली एकही करणार नाही. म्हणून तुमच्या दिवसात जिथे सगळ्यात जास्त गळती आहे तिथूनच सुरू करते, आणि ती जागा पोह्यांची नाही. ती रात्री साडेदहाची आहे.

शाळेतून तुम्ही घरी येता, चहाबरोबर सेव-परमल, म्हणजे सेव-मुरमुरे, होतं, आठ वाजता भूक लागते ती मुठीमुठीनं मारता (हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण इंदूरच्या घरात डब्यात सेव असते आणि हात असतात). साडेदहाला पूर्ण ताट, अकराला अंथरूण. दिवस मावळला की शरीर साखर सांभाळायला मंदावतं. तीच पोळी, तोच भात दुपारपेक्षा रात्री उशिरा साखर जास्त चढवतो आणि ती जास्त वेळ चढलेली राहते. वर लगेच आडवं व्हायचं. तुमचं जेवण कसं का असेना, त्याची वेळ तुमच्याविरुद्ध आहे.

मला माहीत आहे, हा घड्याळाचा प्रश्न नाही. दिवसभरात दोघांना बोलायला मिळणारा तो एकच अर्धा तास आहे आणि तो मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. तुम्ही साडेसात-आठला सासूबाईंबरोबर जेवा. साडेदहाला ह्यांचं पान वाढा, समोर बसा, वाटीभर ताक घ्या, गप्पा मारा. सोबत तीच राहते, फक्त ताट एक. पहिले चार दिवस ‘तू जेवलीस?’ असं चेहरा पाडून विचारलं जाईल. पाचव्या दिवशी सवय होईल. एका ओळखीच्या घरी हाच बदल केल्यावर महिन्याभरात नवरा दुकानातून डबा खाऊन यायला लागला, साडेदहाचा पसारा आपोआप मिटला.

आठला जेवलात तर पावणेनऊपर्यंत घराबाहेर पडता येतं. सकाळी वेळ नाही ना? नको सकाळ. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं हे साखरेसाठी फार कामाचं असतं, कारण स्नायू हलत असला की मुकादमाच्या हाकेशिवायही साखर आत ओढून घेतो. तुंबलेल्या वाटेला मागचं दार असल्यासारखं. आणि माळव्यात राहून रात्रीचं चालायचं नाही म्हणजे काय! बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, ही म्हण काय उगाच पडली? मे महिन्यातही नऊनंतर सुदामा नगरच्या गल्ल्यांत वारा असतो. पावसात गच्चीच्या जिन्यावर किंवा घरातल्या घरात फेऱ्या. दुपारी शाळेत डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं व्हरांड्यात. एवढ्यावर आठवड्याचे दीडशे मिनिटं भरतात. चाल अशी हवी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

चालण्यानं स्नायू टिकत नाहीत मात्र, त्याला वेगळं काम लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा: खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा दहादा, भिंतीला हात लावून दंड दहादा, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलून खांद्यावर दहादा. श्वास रोखू नका. जिम लागत नाही, शाळेतली लाकडी खुर्ची चालते. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

आता पोहे. जीव भांड्यात पडू दे, मी सोडायला सांगत नाही. आपले इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, तेल फार नसतं. त्यांचा गुन्हा एवढाच की ते जवळजवळ सगळा पिष्टमय पदार्थ आहेत. आणि त्यांची संगत वाईट आहे. ताटली हातात येते तेव्हा पोहे खाली असतात, दिसतात ते वरचे दोन मुठी सेव. बाजूला जिलेबी, मग गोड चहा, आणि ओळखीचा भेटला तर कचोरी. त्यामुळे साखर चढते ती टोळीमुळे, आणि नाव पोह्यांचं होतं. घरी करताना मूठभर शेंगदाणे, वाटीभर मोड आलेले मूग किंवा मटार घाला, म्हणजे पोहे कमी आणि बाकी जास्त. जिरावन मसाला भुरभुरा, लिंबू पिळा, सेव चिमटीनं. बाहेर खायचे तर उसळ पोहे मागा, सेवेशिवाय. जिलेबी रविवारी, एक, आणि चहा त्या वेळी बिनसाखरेचा. हे मी करते. सेवेशिवाय म्हटल्यावर ठेल्यावरचा माणूस आजारी माणसाकडे बघावं तसा बघतो, तेवढं सहन करावं लागतं.

चहाचा हिशेब मात्र तुम्हीच करा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा. महिन्याला एक किलो दोनशे ग्रॅम साखर, एकट्या तुमच्या नावावर, गोडधोड सोडून. दर आठवड्याला प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा. जिभेला कळायच्या आत चार आठवड्यांत संपतं. गूळ घातला म्हणून ट्रायग्लिसराइडला फरक पडत नाही. मधानंही नाही.

ताटात भात-पोळी निम्मी, आणि वरण घट्ट. आपल्याकडे वरण म्हणजे पिवळं पाणी होत चाललंय. दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं तुमच्या वजनाला हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, पंचवीस ग्रॅम कोरड्या सोयावडीत तेरा. दही, पनीर, चणे आहेतच. भाजी आधी खा, भात शेवटी. तेल घरात माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत बसतंय का बघा. किराण्याच्या यादीतून निघेल. मीठ दिवसाला चमचाभर, पाच ग्रॅम, आणि त्यात पापड, लोणचं, नमकीन सगळं आलं. इंदुरात हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड, मला मान्य आहे.

एकादशीचं विचारलं नाहीत, पण चातुर्मास असतोच. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आजी उगाच म्हणत नसत. राजगिरा, दही, दाण्याची आमटी, फळ घ्या. खिचडी खायचीच तर वाटीभर.

वजन किती उतरवायचं? तीन किलो. सहा महिन्यांत चार झाले तर उत्तम, कंबर चार-पाच सेंटिमीटर. जास्त नको, तुमच्याकडे उतरवण्यासारखं फार नाही आणि घाईत स्नायू जातो. एवढ्यानं काय होणार असं वाटेल. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, २००२ साली, वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं हेच लक्ष्य होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्के. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूनं २००६ मध्ये असंच केलं. आपल्या लोकांत फायदा कमी दिसला, २८.५ टक्के, पण गोळीइतकाच. आणि अमेरिकेच्या त्याच अभ्यासात गरोदरपणी साखर वाढलेल्या बायका वेगळ्या काढून बघितल्या, तर त्यांचा धोका चालण्या-खाण्याच्या बदलानंही आणि गोळीनंही जवळपास निम्मा झाला होता. म्हणून म्हणाले, ते पहिलं वाक्य डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिन द्यायचं का हा प्रश्न तुमच्या बाबतीत विचारण्यासारखा आहे, आणि उत्तर ‘हो’ आलं तर तो पराभव समजू नका.

बीपीवरून आत्ताच काही ठरवू नका. शिबिरात रांगेत उभं राहून, जिना चढून, बाजूला मुलांचा गलका, असं मोजलेलं बीपी मी अर्धंच मानते. दंडावर बांधायचं मशीन आणा किंवा मागून आणा, मनगटाचं नको. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, चहाआधी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर. दर वेळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर तीन महिने थांबू नका, कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, पुन्हा तपासा, बारा तास उपाशी राहून. रात्री अकराला जेवून सकाळी आठला रक्त दिलं असेल तर ट्रायग्लिसराइडमध्ये त्याचा वाटा असू शकतो. पण एचडीएल ४१ला तो बहाणा चालणार नाही. सोबत थायरॉइड, यकृताच्या एसजीओटी, एसजीपीटी या तपासण्या आणि प्लेटलेट करून घ्या. शेवटच्या तीन आकड्यांत वय मिळवून यकृतावर व्रण पडतायत का याचा एक सोपा अंदाज काढता येतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तुम्ही लिहिलं नाहीत, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी लागणार की नाही हे ते आणि एकूण धोका बघून ठरतं. झोपेत घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडणं बीपी आणि साखर दोन्ही वाढवतं, आणि पाळी जाताना बायकांत ते वाढतं.

शाळेत कोणीतरी वजन उतरवायच्या, आठवड्याला एक घ्यायच्या त्या इंजेक्शनबद्दल बोललंच असेल. औषध चांगलं आहे, पण ते बऱ्याच जास्त वजनासाठी आहे, तुमच्या २३.४ साठी नाही. मेथीचं पाणी, जांभळाची पूड, कारल्याचा रस: घ्यायचं तर घ्या, पण तपासणी त्यावर पुढे ढकलू नका.

छातीवर दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, एकाएकी धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काही झालं तर हे सगळे सल्ले बाजूला ठेवून तडक मोठ्या हॉस्पिटलात. आणि फार तहान, वारंवार लघवी, न करता उतरणारं वजन दिसलं तर साखर लगेच, तीन महिन्यांची वाट न बघता. उपाशी १२६ किंवा सरासरी ६.५ आली की गोष्ट बॉर्डरची राहत नाही.

टेप काढलात की आज रात्री साडेदहाला ताक घेऊन बसाल तेव्हा ह्यांचीही कंबर मोजून घ्या, जेवणाआधी. ‘खात्यापित्या घरचं लक्षण’ असं काहीतरी म्हणतील, म्हणू द्या. नव्वदच्या पुढे निघाली तर पुढचं पत्र त्यांना लिहायला सांगा.